घुमीच्या दोरीवरचे कपडे

२ मार्च

टकळे,

अक्षर वाकडं आहे ते घाईत लिहितेय म्हणून. रागावले म्हणून नाही.

समोरची शिवणवाली फोन बघत बघत काजं करते. काल मला म्हणाली, "मावशी, ती दत्तक घेतलेली भावंडं आठवतात का? बहीण आणि लहान भाऊ. त्यांची आई रोज त्यांचे व्हिडिओ टाकायची बघा. ती गायब झालीत."

माझ्या हातून पातेलं पडलं. तुझी नातवंडं ती! ओळखीची आहेत हे मी तिला कळू दिलं नाही. नुसतं विचारलं, गायब म्हणजे काय?

महिना झाला, एक व्हिडिओ नाही म्हणे. लोक काय वाटेल ते लिहितात. एकजण म्हणतो, विकली. एक म्हणते, आईने परत केली, दुकानात माल परत करावा तशी. एका बाईने जुने व्हिडिओ लावून सांगितलं की खोलीतला पडदा बदललाय, म्हणजे मागे काहीतरी झाकलंय. पडदा धुवायला काढला असेल, एवढं कुणाला सुचत नाही.

तुझी लेक असं करणार नाही, मला माहीत आहे. पण मुलं कुठे आहेत?

लगेच लिही. एरवीसारखी चार पानं नकोत. एक ओळ पुरे.

घुमी


८ मार्च

घुमे, माझे बाई,

एक ओळ म्हणे! एक ओळ लिहायला हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम संपल्यावर, संध्याकाळच्या साक्षरता वर्गात मी तुझ्या शेजारी बसून पाटी खराब केली होती होय? तुझं अक्षर म्हणजे ओल्या सिमेंटवरून कोंबडी गेली. पण दुसऱ्या कुणाचं मला नीट वाचताच येत नाही, त्याला काय करू.

लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा? तू मनाला लावून घेऊ नकोस. लेक बरी आहे. दातांच्या दवाखान्यात कामाला जाते, येते. आणि मुलांचं म्हणशील तर जाऊ दे, त्यावर काय लिहायचं.

माझं छान चाललंय. गुडघे आहेत तसेच. लेक दातांच्या दवाखान्यात आणि आई बोळकी, ही गंमत अजून चालूच आहे, कवळी डबीतच असते. हल्ली दूध कसं पुरत नाही कळत नाही. दारातली चपलांची फळी लहान पडायला लागली. काल पलंगाखालून खडू काढता काढता कंबर धरली, निळा होता, भिंतीपाशी गेला होता. सकाळी लवकर उठावं लागतं, कारण एक भुंगा घरात शिरलाय आणि पहाटेपासून गुणगुणतो. पण गोड गुणगुणतो हो! मी पडल्या पडल्या ऐकते आणि एकटीच हसते.

तुझ्याकडे पिवळी लोकर उरली असेल तर पाठव. पाच वर्षांच्या अंगाला पुरेल इतकी. म्हणजे मला पायमोजे करायचेत.

तुझी टकळी


१३ मार्च

टकळे,

पाच वर्षांच्या अंगाचे पायमोजे तू कधीपासून घालायला लागलीस?

लोकर पाठवलीय. आठ वर्षांच्या अंगालाही पुरेल, बघून घे. तुझं पत्र शेगडीत घातलं, कुणाच्या हाती लागायला नको.

आता नीट सांग.

घुमी


१९ मार्च

घुमे,

बघ, मी लेकीला आधीच म्हटलं होतं, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मला शपथा घालू नकोस. तरी मला वाटलं मी किती हुशारीने लपवलं! पण लेक म्हणाली, घुमीमावशीला सांगितलंस तर चालेल, तिला सांगणं म्हणजे विहिरीत सांगणं. तर हे घे, विहिरी.

दोघंही माझ्याकडे आहेत. आत्ता या क्षणी टेबलाखाली बसून माझ्या चपलांचं जहाज करतायत. मुलीला मी मोठीबाई म्हणते, कारण भावाचं नाक पुसण्यापासून माझा चष्मा शोधण्यापर्यंत सगळं तीच बघते. भाऊ म्हणजे भुंगा. सारखा गुणगुणतो. जेवताना, आंघोळीला, झोपेतसुद्धा.

आता कसं झालं ते सांगते. तुला माहीतच आहे, लेकीने लग्नाचं मनावर घेतलं नाही, पण मुलांचं घेतलं. दोघा भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून एकदम दोन. आनंदाने वेडीच झाली होती. तो आनंद तिने फोनवर टाकला. मुलं घरात पाऊल टाकतायत, पहिला दात पडतोय, भुंगा पहिल्या रात्री रडतोय, सगळं. लाखो लोक बघायचे. मलाही म्हणायची, आई, तू ये ना व्हिडिओत. मी म्हटलं, कवळी नीट बसल्याशिवाय मी जगाला तोंड दाखवणार नाही. म्हणून मला कुणी ओळखत नाही, आणि इथे मी आहे हेही कुणाला माहीत नाही. बोळकं तोंड कधी कामाला येईल सांगता येत नाही.

पुढे शाळेत मोठीबाईला पोरं विचारायला लागली, तू तीच ना, आणलेली? बागेत झोपाळ्यापाशी कुणी अनोळखी बाई येऊन भुंग्याचे गाल ओढायची आणि म्हणायची, मी तुला पहिल्या दिवसापासून ओळखते! एके दिवशी मोठीबाईने कात्रीने स्वतःचे केस कापले आणि भावाला घेऊन कपाटात जाऊन बसली. लेकीने अख्खं घर पालथं घातलं. कपाट उघडलं तर पोरगी म्हणते कशी, "आम्ही निघून गेलो तर त्याचाही व्हिडिओ काढशील?"

लेकीच्या हातात तेव्हा फोनच होता गं. शोधायला उजेड हवा म्हणून धरलेला. पण पोरीला काय दिसलं असेल.

त्या दिवशी लेकीने सगळं बंद केलं. पोरीला वचन दिलं, तू म्हणेपर्यंत तुला कुणी बघणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी दोघांना माझ्याकडे सोडून गेली, चार दिवस म्हणून. तेवढ्यात तिकडे लोकांनी उठवलं, मुलं कुठायत. पोलीस इथे येऊन, मुलांशी बोलून, समाधानाने परत गेले. लेकीने सांगितलं, मुलं सुखरूप आहेत. लोक म्हणतात, मग दाखव. आणि दाखवायचं नाही हेच तर वचन! आता तिच्या फाटकाशी रोज कुणी ना कुणी फोन उगारून उभं असतं. ती निघाली की मागे निघतात. इकडे आली तर वरात घेऊनच येईल. म्हणून येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दोघांचा अभ्यास घेतात. बाकी सगळ्यांना मी भाचीची मुलं सांगितलंय.

रविवारी लेकीचा फोन येतो. मोठीबाई फोन टॉवेलात गुंडाळून ठेवते, न जाणो त्यातून दिसत असेल. बोलत नाही. भुंगा टॉवेलाशी तोंड नेऊन नुसता गुणगुणतो. लेक तिकडे ऐकत राहते. किती वेळ ऐकते गं! मग मी म्हणते, अगं, ठेव आता, जेवून घे.

तुला खरं सांगू? मी सुखात आहे. या वयात घरात दोन दोन माणसं आजी म्हणून हाक मारतायत, मला तर रोज सकाळी पंख फुटतात. आणि रविवारी वाटतं, माझं हे सगळं सुख लेकीच्या ताटातलं उचललेलं आहे.

पिवळा स्वेटर भुंग्याला झाला. उरलेल्या लोकरीत मोठीबाईचाही बसेल.

तुझी टकळी


२ एप्रिल

टकळे,

माझ्या हातून घात झाला.

पावाच्या दुकानात रांग होती. शिवणवाली होती, आणखी चारपाच जणी होत्या. एक म्हणाली, अशा बाईला फासावरच द्यायला पाहिजे. दुसरी म्हणाली, सख्खी आई असती तर असं केलं नसतं. मी नेहमीसारखी गप्प होते. मग शिवणवाली म्हणाली, पोरं कधीच मातीत गेली असतील.

मी ओरडले. मी, टकळे! लाँड्रीत बॉयलर फुटला तेव्हा ओरडले नव्हते. म्हटलं, "खाऊनपिऊन सुखात आहेत पोरं! अंगात नवा पिवळा स्वेटर आहे!"

एकीने फोन वर धरलेला होता.

जन्मभर घुमी म्हणून राहिले आणि एकदा बोलले ते नको तिथे.

दुसऱ्या दिवशी दारात अनोळखी माणसं. आजी, मुलं तुमच्याकडे आहेत ना? मी दार लावून घेतलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं तर सांगायचं नाही. गप्प राहिले की म्हणतात, बघा, लपवतेय. आता रोज माझ्या लाँड्रीमागच्या गल्लीत माणसं उभी असतात. गाड्या करून आलीत. खिडकीचं एक दार मोडलंय, तिथे मी जुनी चादर लावलीय. तर चादर का लावली म्हणून बोलतात.

तुझा पत्ता कुणाला सांगितलेला नाही. जीव गेला तरी सांगणार नाही. पण शिव्या द्यायच्या असतील तर दे. मी वाट बघते.

घुमी


७ एप्रिल

घुमे,

शिव्या दिल्या. मंगळवारी संध्याकाळभर दिल्या. मोठीबाईने विचारलं, आजी, कुणाशी बोलतेस? म्हटलं, माझ्या मैत्रिणीशी, ती इथे नाही म्हणून बरंय.

मग रात्रीचा लेकीचा फोन. "आई, गंमत बघ, फाटकाशी आज काळं कुत्रं नाही! सगळी कुठे गेली?"

मी भाकड म्हातारी, पण माझ्या डोक्यात दिवा लागला बघ. अगं, ती सगळी तुझ्याकडे आलीत! तुझ्या दारात उभी आहेत म्हणून माझ्या लेकीच्या दारात नाहीत.

तेव्हा आता ऐक. तू खोटं बोलायचं नाहीस, तुला ते जमायचंही नाही. तू फक्त कपडे वाळत घालायचे. सोबतच्या गाठोड्यात एक निळा फ्रॉक आहे, व्हिडिओत तो लोकांनी शंभरदा पाहिलाय. भुंग्याची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, दोन बनियनं, मोजे. मोठीबाईला विचारूनच पाठवतेय. तिला म्हटलं, तुझा फ्रॉक लोकांना फसवायला जाणार आहे, चालेल? तिने फार विचार केला आणि म्हणाली, "फ्रॉकला बघू दे. मला नको."

धू आणि अंगणात सगळ्यांसमोर वाळत घाल. शनिवारी आणि रविवारी, तेवढ्यात लेक इकडे येऊन जाईल. कपडे वाळत घालणं हे काही खोटं बोलणं नाही. लोकांनी त्यातून काय समजायचं ते लोकांनी समजावं, इतके दिवस तेच तर करतायत.

फ्रॉक कसा टाकायचा हे तुला मी सांगायला नको म्हणणार होते, पण सांगते. तू जन्मभर हॉस्पिटलच्या चादरीच वाळत घातल्यास. फ्रॉक उलटा करून घेरापाशी चिमटे लाव. चादरीसारखा पिळशील तर याद राख!

तुझी टकळी


१५ एप्रिल

टकळे,

शनिवारी सकाळीच टाकले. अर्ध्या तासात गल्ली भरली. लोक कपड्यांचेच फोटो काढत होते. एक माणूस म्हणे, फ्रॉक तोच आहे, एक बाई म्हणे, तोच नाही, कॉलर वेगळी आहे. दोघांचं भांडण लागलं, तिसऱ्याने ते भांडण फोनवर घेतलं.

मी दारात खुर्ची टाकून बसले. कुणी विचारलं, "आजी, मुलं आत आहेत?"

मी म्हटलं, "चहा घेणार का?"

दिवसभर एवढंच बोलले. सोळा कप धुतले.

वाऱ्याने मोजा पडला तर एका मुलीने तो उचलून दिला. हळूच म्हणाली, किती लहान आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळेच वाईट नसतात, टकळे. काहीजणांना खरंच काळजी आहे. पण काळजी कुठे ठेवावी हे त्यांना कळत नाही.

तिकडे काय झालं? लेक आली का?

घुमी


२० एप्रिल

घुमे, माझे गुणाचे बाई,

आली! आली! आली!

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. मला वाटलं दूधवाला, म्हणून पातेलंच घेऊन गेले. दारात लेक. किती वाळलीय, गालांची हाडं दिसायला लागलीत. दवाखान्यातल्या मदतनीस मुलीच्या गाडीतून मागच्या दाराने निघाली म्हणे. पातेलं तसंच हातात धरून मी रडले, मग हसले, मग विचारलं जेवलीस का, आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेले. तिथून दिसतं ना सगळं.

भुंगा धावत जाऊन गुडघ्यांना चिकटला. गुणगुणणं थांबलं त्याचं! माझ्या घरी आल्यापासून पहिल्यांदा घर असं शांत झालं.

मोठीबाई खोलीच्या दारात उभी. पुढे येईना. लेकीने एक पाऊल टाकलं तशी ती दाराआड झाली. लेक तिथेच जमिनीवर बसली. दोन्ही हात पुढे करून तळवे उघडून दाखवले. रिकामे. म्हणाली, "फोन आणलेला नाही. घरी ठेवून आले."

पोरगी आली. आईच्या कोटाचे खिसे तपासले तिने, बाहेरचे, आतले. पर्स उलटी केली. कंगवा, किल्ल्या, दवाखान्यातला लहान आरसा. आरसा पालथा घातला. बुटांतसुद्धा हात घालून बघितलं. लेक हलली नाही. दात काढायला बसलेल्या पेशंटसारखी ताठ.

मग मोठीबाई तिच्या समोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. स्वतःच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाली,

"आता मला बघ."

घुमे, माझी भाजी करपली. पूर्ण करपली, आणि वास कुणाला म्हणून आला नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत राहिली. दोन्हीकडून दोघं तिला चिकटून, तिघांत मिळून एकच सावली. मला एकदाही कुणी आजी म्हणून हाक मारली नाही. मी दोनदा उगीच म्हटलं, कुणी हाक मारली का गं मला? लेक नाही म्हणाली.

तुझ्या त्या एका ओरडण्यामुळे झालं हे. आता बोलतेस तर बोलतच राहा.

तुझी टकळी


२ मे

टकळे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा मोठ्याने वाचलं, घरात कुणी नसताना.

इथली गर्दी संपली. मागच्या आठवड्यात मी सरळ दार उघडलं आणि म्हटलं, या, बघून घ्या. एक खाट, एक टेबल, एक ताट. शिवणवालीने खाटेखालीही बघितलं. मग सगळी परतली. पोलिसांनीही आता जाहीर सांगितलंय, मुलं सुखरूप आहेत, लोकांनी नाद सोडावा. काहींनी सोडला. बाकीच्यांना दुसरं काही मिळालंय, कुठली तरी नवरी हरवलीय म्हणे. शिवणवाली आता तिच्या पडद्याकडे बघते.

तुला एक सांगायचं राहिलं. हसू नकोस.

गर्दी गेली त्या रविवारी रात्री कपडे वाळले होते. काढायला गेले. इतकी वर्षं माझ्या दोरीवर हॉस्पिटलच्या चादरी आणि माझं एक लुगडं, याशिवाय काही चढलं नाही. चादर वाळली की कडक होते, भिंतीसारखी. हे मात्र मऊच राहिलं. फ्रॉकच्या आत वारा शिरला की कुणीतरी आत असल्यासारखं वाटायचं.

घडी घातली, गाठोडं बांधलं, पोस्टात टाकायला म्हणून दारात ठेवलं.

सोमवारी सकाळी गाठोडं सोडलं, सगळे कपडे पुन्हा भिजवले आणि पुन्हा वाळत घातले. गल्लीत कुणीही नव्हतं. मग मंगळवारी पण.

आता उद्या नक्की पाठवते.

घुमी


८ मे

घुमे,

खबरदार पाठवलेस तर!

बातमी आधी सांगते. लेकीला इथल्याच एका दवाखान्यात जागा मिळाली. फोनवरचं सगळं कायमचं पुसून टाकलं तिने. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला जाणार. दोन गल्ल्या म्हणजे काय गं, शिंक दिली तर ऐकू जाईल. तरी काल चपलांच्या फळीकडे बघून मला उगीचच वाटलं, ही आता केवढी मोठी दिसणार. जाऊ दे. आपण दोघी सारख्याच वेड्या.

तुझं पत्र मी मोठीबाईला वाचून दाखवलं. ती चपलांचं जहाज सोडून आली आणि शेजारी बसून ऐकत राहिली. मग प्रश्न. ती आजी एकटी राहते? तिने माझा फ्रॉक रोज धुतला? घाण झालेला नसतानाही? म्हटलं हो. का? म्हटलं, मला नाही माहीत, तूच विचार तिला.

मोठीबाई केसांची टोकं ओढत बसली. भुंगा आपला गुणगुणत होता. मग म्हणाली, तो फ्रॉक मला आता आखूड होईल, पण पोस्टाने नको, आपण आणायला जाऊ. आईला पण नेऊ. आणि त्या आजीला सांग, आम्हाला बघितलं तरी चालेल.

शनिवारी चौघं येतोय. कप धुऊन ठेव. आणि दोरी जरा खाली बांध, मोठीबाई म्हणते, माझा फ्रॉक मीच काढणार.

टकळी